टाकीचं झाकण उघडण्याआधी

हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारा चटचट आवाज हॉस्टेलवर सर्वांच्याच ओळखीचा. त्या ठिणग्याच असतात. आपण हसून सोडून देतो, पण पेट्रोलच्या वाफेला तेवढी ठिणगी पुरते. फर्स्ट इयरचंच गणित आहे. माणसाच्या शरीराची कपॅसिटन्स १५० पिकोफॅरड धरा आणि अंगावर ५००० व्होल्ट. कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे असले की एवढे सहज जमतात. ऊर्जा येते सुमारे १.९ मिलिज्यूल. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली वाफ पेटायला ०.२५ मिलिज्यूलच्या आसपास पुरते!

पंपावर आपल्याला हे जाणवत नाही, कारण तिथला होज वीजवाहक असतो. स्वतः विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींचं तसं नसतं. ते पुष्कळदा कॅनमधून, नरसाळं लावून पेट्रोल ओततात. (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चक्क इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवलं होतं.)

पेट्रोल पाइपमधून वाहताना त्यावर विद्युतभार जमतो. फिल्टर जितका बारीक, तितका भार जास्त. तो निघून जायला वेळ लागतो. पेट्रोलची वाहकता १ पिकोसीमेन्स प्रति मीटर असेल तर टाइम कॉन्स्टंट जवळजवळ १८ सेकंद येतो. धातूच्या टाकीत भाराला निदान वाट तरी असते. पण अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात व्हॅरीईझ आणि लाँग-ईझेड ही विमानं आणली, त्यांचं अंग फोम आणि ग्लास फायबरचं, टाकीसुद्धा तीच. तोंडावरची धातूची रिंग फायबरमध्ये चिकटवलेली, म्हणजे कुठेच न जोडलेली. झाली की कपॅसिटरची प्लेट! धातूचं नोझल जवळ आलं की ठिणगी तिथेच पडणार. आणि टाकीच्या आत वाफ फार दाट असली तरी नेमकं तोंडाशी हवेतलं तिचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्क्यांत, म्हणजे पेटण्याजोगं, सापडतं.

एक्झॉस्टला अर्थिंगची क्लिप लावली की झालं, ही समजूत इथे चालत नाही. क्लिप आणि रिंग यांच्यामध्ये फायबर आहे ना! विमान बांधतानाच रिंगपासून तळाच्या ड्रेन व्हॉल्व्हपर्यंत आणि पुढे इंजिनपर्यंत तार टाकावी, मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघावी. टाकी बंद झाल्यावर हे काम म्हणजे डोकेदुखी.

भरताना कॅन शक्यतो धातूचा, नरसाळंही धातूचंच. कॅन भरून घेताना तो जमिनीवर ठेवायचा, गाडीतल्या गालिचावर नाही. कॅन, नरसाळं आणि विमान तारेने एकमेकांना जोडायचं. जमिनीशी जोडणं दुय्यम, या सगळ्यांचा व्होल्टेज सारखा असणं महत्त्वाचं. क्रम असा: आधी तार, मग मोकळ्या हाताने विमानाच्या धातूला स्पर्श, मग झाकण. परतताना आधी झाकण बंद, तार सर्वात शेवटी.

पावसाळ्यात दमट हवेमुळे कपड्यांवरचा भार कमी होतो हे खरं. पेट्रोल वाहताना त्यावर जमणाऱ्या भाराला मात्र बाहेरच्या आर्द्रतेने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तार जुलैतही लावायचीच.