कवळी सैल, की जबडा झिजलेला?

"डॉक्टर, ३ कवळ्या केल्या, एकही बसत नाही," अशी तक्रार घेऊन मध्यंतरी एक सत्तरीच्या आजी आल्या. सगळा राग दंतवैद्यावर! मी तपासले. खालची हिरडी जवळजवळ सपाट झाली होती आणि हनुवटीच्या बाजूला दाबताच ओठात कळ गेली.

दात असेपर्यंत चावण्याचा ताण मुळांवाटे हाडाला मिळतो व हाड टिकते. दात गेले की ते झिजू लागते. पहिल्या वर्षी झपाट्याने, पुढे संथपणे, पण आयुष्यभर. खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. मग हाडातून बाहेर पडणारा मज्जातंतू कवळीखाली चेमटतो. म्हणून ती कळ.

यावर हाडाचे कलम करता येते. आंब्याचे कलम स्वतःच वाढते. इथे मात्र बसवलेले हाड बहुतांशी परांचीचे काम करते, आणि तिच्या आधाराने शरीर नवे हाड घडवते. हे हाड रुग्णाच्याच जबड्यातून किंवा जास्त लागल्यास कमरेतून घेतात. तयार भुकटीही मिळते. काही भुकटी गाईगुरांच्या हाडाची असते; चालत नसेल त्यांनी आधीच विचारावे, कृत्रिम प्रकारही आहेत. हाड धरायला ४ ते ६ महिने, कधी अधिकही लागतात. नंतर त्यात इम्प्लांट बसवतात. नुसत्या कलमावर पुन्हा साधी कवळी घातली तर नवे हाडही झिजते. मिश्री, तंबाखू, विडी चालू असेल किंवा मधुमेह आटोक्यात नसेल तर कलम फसण्याचा धोका वाढतो. पुष्कळांना कलम लागतही नाही. हनुवटीपाशी २ इम्प्लांटपुरते हाड उरलेले असते. स्कॅन पाहूनच ते ठरते.

आजींना मी जबड्याच्या सर्जनकडे पाठवले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. तेव्हा मुलाने सहज विचारले, "ते वर्षाचे सलाईन यंदा कधी द्यायचे?" मी चपापलो. ठिसूळ हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड ३ वर्षे मीच देत होतो, आणि चिठ्ठीत लिहायला विसरलो होतो! या औषधाने, तसेच ॲलेंड्रोनेटच्या आठवड्याच्या गोळ्यांनी, शस्त्रक्रियेनंतर क्वचित जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडते व मरते. धोका थोडा, पण सर्जनला आधी कळलाच पाहिजे. अशी गोळी वा सलाईन चालू असेल तर दात काढतानासुद्धा सांगा. मात्र ते मनाने बंद करू नका.

सर्जनला लगेच फोन केला. त्यांनी कलम रद्द केले. दंतवैद्याने कवळीला त्या जागी खोलगट करून दिले, कळ थांबली. आजी भाकरी दुधात कुस्करून खातात. मिश्री अजून सुटलेली नाही.