उसाच्या फडातील श्रद्धा

शास्त्रपाठ : याकोब २:१४-२६, ५:१-६



उपासनेच्या 'ब' वर्षात सामान्य काळाच्या २२ व्या ते २६ व्या रविवारी दुसरे वाचन संत याकोबाच्या पत्रातून घेतले जाते. हे रविवार ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये येतात. त्यानंतर दसरा होतो आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बारामती-इंदापूर भागात येऊ लागतात. वाचन चर्चमध्ये संपते. त्याची परीक्षा बाहेर, फडाच्या बांधावर सुरू होते.

१. याकोब काय सांगतो?
याकोब अगदी घरगुती उदाहरण घेतो. एखाद्या भावाला किंवा बहिणीला अंगभर वस्त्र नाही, रोजचे अन्न नाही. आपण तोंडाने शुभेच्छा देतो आणि हाताने काहीच देत नाही. अशा श्रद्धेला तो मृत म्हणतो. पाचव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. शेतात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती हाक परमेश्वराच्या कानी पोहोचली आहे, असे तो धनवानांना बजावतो.

२. मग संत पौलाचे काय?
मनुष्य श्रद्धेने नीतिमान ठरतो, असे पौल शिकवतो. पण तोच पौल गलतीकरांना सांगतो की प्रीतीच्या द्वारे कार्य करणारी श्रद्धाच महत्त्वाची आहे (गलती ५:६). म्हणून दोघांत विरोध नाही. आपण सत्कृत्ये करून तारण विकत घेत नाही. तारण ही देवाची देणगी आहे. पण देणगी स्वीकारलेल्या माणसाचे हात रिकामे राहत नाहीत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी ज्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्याचेही सार हेच आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीनुसार, श्रद्धेला जिवंत रूप येते ते प्रेमामुळे.

३. 'कोयता' की भाऊ-बहीण?
ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या. आजारपणामुळे कामावर गेले नाही, तर 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या महिलांच्या कष्टाची साखर आपल्या सर्वांच्या चहात असते.

आपण माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने करतो. याकोब मात्र 'भाऊ' आणि 'बहीण' म्हणतो. खऱ्या श्रद्धेची सुरुवात या एका शब्दापासून होते. ज्याला भाऊ म्हटले, त्याला विहिरीवर पाणी नाकारता येत नाही. जिला बहीण म्हटले, तिच्या तापलेल्या लेकराकडे पाठ फिरवता येत नाही.

शेतकऱ्याचीही अडचण असते, हे आम्ही जाणतो. तोड वेळेवर मिळत नाही, ऊस वाळतो, वरखर्चाचे पैसे मागितले जातात. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपल्याहून दुबळ्यावर तो ढकलण्याची मुभा मिळत नाही.

४. ज्यांचे शेत नाही त्यांचे काय?
आपल्यात नोकरदार, शिक्षक, परिचारिका, चालक असे अनेकजण आहेत. 'आम्ही मुकादम नाही, आमचा काय संबंध?' असे वाटू शकते. पण घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार ठरल्या दिवशी देणे, दवाखान्यात खेड्यातून आलेल्या आजीला नीट समजावून सांगणे, वर्गात दोन महिन्यांसाठी आलेल्या मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, हीसुद्धा श्रद्धेची कृत्ये आहेत. 'काटा मारणे' म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खरे माप ठेवा, अशी आज्ञा लेवीय १९ मध्ये आहे, आणि त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका असेही सांगितले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली, बोललेली श्रद्धा आणि रोजचे जगणे यांतील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चूक असल्याचे सांगितले. आपण संख्येने थोडे आहोत. आपले शेजारी आपला मतांगीकार ऐकायला येत नाहीत. ते आपला व्यवहार पाहतात. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती-इंदापूरमार्गे जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी आणि भाकरी देणारे हेच शेजारी आहेत. त्यांच्याकडूनही आपण शिकावे.

विचारासाठी प्रश्न
१) माझ्याकडे कोणाची मजुरी किंवा उधारी अडकून आहे का?
२) माझ्यासाठी राबणाऱ्या किती माणसांची नावे मला ठाऊक आहेत?
३) या आठवड्यात मी कोणते एक काम, कोणालाही न सांगता, करीन?

प्रार्थना : हे प्रभो, मिस्सामध्ये तुझी भाकर घेणारे आमचे हात बाहेर पडल्यावर कोणाचीही भाकर न अडवोत. आमेन.