सहीच्या पलीकडची संमती

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात जात, लग्न, स्थलांतर, धर्म, हिंसा, विस्थापन असे विषय दिसले की बऱ्याच पालकांना वाटतं, हे तर आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. त्यासाठी मुलांची तीन-चार वर्षं आणि आपले पैसे कशाला घालायचे? त्यातही संशोधनाची नीतिमत्ता किंवा विकास आणि सामाजिक न्याय अशा पेपरांकडे मुलंसुद्धा पाठांतरावर निघून जाणारे पेपर म्हणूनच पाहतात. माझ्या मते हिशेब नेमका इथेच चुकतो. या पदवीतलं जे कौशल्य पुढे पोटापाण्याला उपयोगी पडतं, ते याच पेपरांत घडतं. वरवर खासगी वाटणाऱ्या निर्णयामागे कोणती व्यवस्था उभी आहे आणि त्या निर्णयाला दिलेली संमती कितपत खरी आहे, हे पुराव्यानिशी शोधून काढणं, असं ते कौशल्य आहे. ते शिकवणारं कॉलेज मिळत असेल तर हा विषय जरूर घ्यावा. मिळत नसेल तर पालकांची काळजी रास्त आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींनी ‘पिशवी काढलेली’ होती, म्हणजे शंभरात सोळा-सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. आता शस्त्रक्रिया म्हटली की आधी कागदावर सही किंवा अंगठा आलाच. कायद्याच्या भाषेत संमती झाली. डॉक्टर म्हणणार, बाई स्वतःच्या पायांनी आली. बाई म्हणणार, रोजचा त्रास होता, एकदाचा मिटवला. नवरा म्हणणार, उसनवारी करून उपचार केला. तिघंही खरं बोलत असू शकतात. मग बिघडलंय कुठे?

शस्त्रक्रियेची गरज होती की नव्हती, हे वैद्यकशास्त्र सांगेल. कागदपत्रं पुरी होती की नाही, हे कायदा तपासेल. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला उसाच्या फडात जावं लागतं. तिथे त्याला कळतं की नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि हंगामाआधी मुकादम त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. एकाने दिवस बुडवला तरी खाडा धरला जातो आणि अंगावरची बाकी वाढते. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, ना न्हाणीघर, ना संडास, ना पुरेसं पाणी. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. पाळीच्या दिवसांत विसावा घ्यावा तर पैसे कापले जातात, दुखणं तसंच रेटावं तर ते बळावतं. लग्न कोवळ्या वयात झालेलं, मुलंही लवकर झालेली. त्यामुळे आता पिशवी ठेवून करायचं काय, हा विचार घरातल्या सगळ्यांना पटलेला असतो. त्यात कुणी कॅन्सरची भीती घातली की निर्णय व्हायला वेळ लागत नाही. सही तिचीच असते, पण दुसरी वाट तिच्यासाठी कितपत मोकळी होती हे त्या सहीवरून कळत नाही. हे उमगलं की उपायही बदलतो. नुसती दवाखान्यांवर नजर ठेवून भागत नाही. खाड्याची पद्धत, उचलीचा लेखी हिशेब, फडाजवळची आरोग्यसेवा, पाणी आणि संडास इथपर्यंत जावं लागतं. आणि याच जागी हुशार विद्यार्थीही घसरतात, म्हणून सांगायला हवं : त्या बाईला बिचारी ठरवून तिचा निर्णय दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवणं हाही तिच्यावर अन्यायच आहे. ती विचार करत होती, नफा-तोटा मांडत होती. ज्या परिस्थितीत तिला तो मांडावा लागला ती परिस्थिती उघड करायची आणि तिच्या शहाणपणाला मात्र कमी लेखायचं नाही, हा तोल पुस्तक वाचून एका सत्रात साधत नाही.

अभ्यासक म्हणून स्वतःलाही हीच कसोटी लावावी लागते. अमेरिकेत लॉड हम्फ्रीज या समाजशास्त्रज्ञाचं सार्वजनिक स्वच्छतागृहांत होणाऱ्या पुरुषांच्या समलैंगिक भेटींवरचं पुस्तक १९७० मध्ये आलं. त्याने आपण संशोधक असल्याचं लपवून निरीक्षणं केली, गाड्यांचे नंबर टिपून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने रूप बदलून, आरोग्य पाहणीच्या नावाखाली त्यातल्या काहींच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. हे पुरुष बहुतांशी चारचौघांसारखे संसारी आहेत, हे त्यातून पुढे आलं आणि एका मोठ्या पूर्वग्रहाला धक्का बसला. पण तेव्हा तिथल्या बहुतेक राज्यांत असे संबंध हा गुन्हा होता. ती नावं फुटली असती तर कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली असती, आणि ज्यांच्या जिवावर हा धोका पत्करला गेला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. चांगल्या हेतूने आणि उपयोगी निष्कर्षाने असं वागणं क्षम्य होतं का, यावर जगभरच्या वर्गांत आजही वाद घातला जातो. आपल्याकडे मुंबईतल्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकारातून आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० साली तयार झाली; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीतही सामाजिक संशोधनासाठी वेगळं प्रकरण आहे. कागदावरचे हे नियम गावात पाळायचे कसे, हा खरा अभ्यास. मुकादम शेजारी उभा असताना घेतलेल्या मुलाखतीला मोकळी मुलाखत म्हणायचं का? अहवालात नाव बदललं, पण वाडीवर एकच अंगणवाडी सेविका असेल, तर गुप्तता कसली राहिली? नवऱ्याने परवानगी दिली म्हणून बायकोची संमती गृहीत धरायची का? असे प्रश्न सोडवण्याचा सराव झालेला पदवीधर आणि न झालेला पदवीधर यांच्या कामातला फरक पहिल्याच सर्वेक्षणात दिसतो.

आता पालकांच्या मनातला प्रश्न : या कामाचे पैसे कोण देतं? महाराष्ट्रातूनच सुरुवात करू. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. माणसं हलवून झाल्यावर त्यांचं काय झालं, हे तेव्हा मागाहून विचारलं जात होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने हाच प्रश्न आधी विचारणं बंधनकारक केलं : जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांचं मूल्यांकन करायचं, जनसुनावणी घ्यायची आणि ते मूल्यांकन एका तज्ज्ञगटाने तपासायचं. या गटात सरकारी सेवेत नसलेले दोन सामाजिक शास्त्रज्ञ असलेच पाहिजेत, असं कायदाच म्हणतो. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. ही संमती मोजणं म्हणजे नुसते अंगठे मोजणं नव्हे. सातबारावर नाव नसलेला कूळवहिवाटदार, शेतमजूर, गायरानावर शेळ्या चारणारी बाई यांना त्या मोजणीत जागा कोण देणार? पुढे काही राज्यांत आणि काही प्रकारच्या प्रकल्पांना या मूल्यांकनातून सूट दिली गेली, तेव्हा हे काम सगळीकडे सारख्याच गांभीर्याने होतं असं मी सांगणार नाही. पण रस्ते, धरणं, मेट्रो, झोपडपट्टी पुनर्वसन यांत अशा माणसांची गरज आहे आणि ती उरणार आहे.

बाकीची क्षेत्रं थोडक्यात सांगतो. ज्या कंपन्यांची सामाजिक दायित्वाची वार्षिक रक्कम दहा कोटी किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना २०२१ पासून एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्या-अभ्यास, शिक्षण आणि नागरी नियोजनाच्या संस्थांना क्षेत्रसंशोधक लागतात. ग्राहकांचा अभ्यास करणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्याही मुलाखत घेता येणारी माणसं शोधतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर संमती हा शब्द त्यांच्याही दारात आला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे आणि समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता याच वर्णनात्मक धर्तीवर गेली आहे. मात्र केवळ स्पर्धा परीक्षेसाठी हा विषय घेऊ नका. तिथे निवडले जाणारे मूठभरच असतात.

पगाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. नुसत्या बी.ए.वर या क्षेत्रात चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. एम.ए., त्यासोबत संख्याशास्त्राची बऱ्यापैकी समज, सर्वेक्षणाची सॉफ्टवेअर, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत नीट अहवाल लिहिण्याची सवय, एवढी तयारी लागते. सुरुवातीची कामं बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो. प्राध्यापकी हवी असेल तर नेट, पीएच.डी. आणि कायम जागांची दीर्घ प्रतीक्षा आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर मोठं कर्ज काढून खासगी विद्यापीठात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. सरकारी आणि अनुदानित संस्थांत हे शिक्षण कितीतरी कमी खर्चात होतं. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट तोलून पाहा. सर्वेक्षणाचे आकडे गोळा करणं, तक्ते बनवणं, अहवालाचा पहिला मसुदा लिहिणं ही कामं यंत्रं झपाट्याने उचलत आहेत. मुकादमाला कोपीपासून दूर कसं न्यायचं आणि त्या बाईचं बोलणं तिच्यावर न शेकता कसं मांडायचं, हे ठरवणारं माणूसच लागणार आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा असतो : नीती घरात शिकवायची गोष्ट आहे, ती कॉलेजात काय शिकायची? घरचे संस्कार महत्त्वाचेच आहेत. पण गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाने १९९४ मध्ये केला, आणि तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ वर आली. ही घट ज्या घरांतून झाली त्या घरांत संस्कार नव्हते, असं कोण म्हणेल? तिथे खोटं बोलू नको, मोठ्यांचा मान राख असंच शिकवलं जात होतं. हुंडा, जमिनीची वाटणी, म्हातारपणीचा आधार आणि सहज मिळणारं सोनोग्राफी यंत्र एकत्र आल्यावर चांगली माणसं मिळून एक भयंकर आकडा घडवतात. व्यक्तीला दोष देऊन हा आकडा समजत नाही, आणि न समजता केलेल्या घोषणांनी तो हलत नाही.

मुलगा किंवा मुलगी उलट बोलायला लागेल, कुठल्या तरी विचारसरणीच्या आहारी जाईल, अशीही भीती असते. वाईट शिकवणीत तसं होऊ शकतं. चांगली शिकवण मात्र आपल्याला आवडणारं उत्तरही पुराव्यापुढे उभं करायला लावते. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. कवट्यांची मोजमापं घेतल्यावर त्या कल्पनेला आधार मिळाला नाही आणि कर्वे यांनी गुरूच्या अपेक्षेविरुद्ध तसं प्रबंधात मांडलं. आकडे हातात घेऊन वडीलधाऱ्यांशी आदराने मतभेद करता येणं, ही मला तरी भीती बाळगण्याची गोष्ट वाटत नाही.

प्रवेश घेताना मग काय पाहायचं? मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांच्यापासूनचा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचं देवनार आणि तुळजापूर, देवनारचीच लोकसंख्या विज्ञान संस्था, पुण्यातली गोखले संस्था ही नावं बहुतेकांना ठाऊक असतात. केंद्रीय संस्थांच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचा प्रवेश आता सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, त्यामुळे तिच्या तारखा बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीपासून लक्षात ठेवा. पण नावापेक्षा विभागात जाऊन विचारलेले प्रश्न जास्त सांगून जातात. विद्यार्थ्यांना किती दिवस क्षेत्रकामाला पाठवता? प्रश्नावली गावात नेण्याआधी ती कोण तपासतं? मागच्या वर्षीचे दोन प्रकल्प पाहायला मिळतील का? त्या प्रकल्पांत संमतीचा मजकूर सोप्या मराठीत आहे का? विभागप्रमुखांना या प्रश्नांचा त्रास झाला तर दुसरं कॉलेज पाहा. मराठी माध्यमाच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून रोज थोडं इंग्रजी संशोधन वाचायला घ्यावं, कारण एम.ए.ला ते एकदम अंगावर येतं. पण क्षेत्रकामात त्यांचं पारडं जड असतं. बीडमधल्या आष्टी-पाटोद्याची बोली कळणाऱ्या मुलीशी फडातली बाई जे बोलेल ते दुभाष्यामार्फत येणाऱ्या संशोधकाशी बोलणार नाही, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांनाही हे माहीत आहे.