गुलाबाची फांदी : शेंडा, मध्य की बुंधा?

पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास नागपूरकडे गुलाबाची छाटणी करतात आणि छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे फेकून देतात. विद्यार्थी मित्रहो, यंदा त्या फेकू देऊ नका. त्यांत एक उत्तम प्रयोग आहे.

एका लांब फांदीचे तीन तुकडे करा : शेंड्याचा, मधला आणि बुंध्याकडचा. तिन्ही मातीत रोवले तर कोणता जगेल? झाड एकच, म्हणून आनुवंशिक गुणही तेच. फरक आहे तो वयाचा आणि साठवलेल्या अन्नाचा.

शेंड्यात ऑक्झिन हे संप्रेरक तयार होते व फांदीतून खाली उतरते. शेंड्यातून असा वाढकारक पदार्थ उतरतो, हे फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवरील प्रयोगांनी १९२८ साली दाखवून दिले. फांदी कापली की ऑक्झिन खालच्या कापाशी साचते, तेथील पेशी विभागू लागतात आणि मुळे फुटतात.

मग शेंडाच सर्वांत चांगला नव्हे काय? तुषारगृहात, जेथे हवा सतत दमट असते, तेथे कोवळ्या शेंड्यांनाही लवकर मुळे फुटतात. पण आपल्या अंगणातील हवा कोरडी. कोवळी पाने पाणी भराभर उडवतात, आणि ते ओढून घ्यायला मुळे तर अजून आलेलीच नसतात! बुंध्याचा फार जून भाग सहसा सुकत नाही, पण तेथील पेशी पुन्हा विभागायला नाखूश असतात. म्हणून माळी पेन्सिलीएवढ्या जाडीचा मधला भाग पसंत करतात. तिन्ही तुकड्यांच्या ताज्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून पाहा. जेथे पिष्ट अधिक, तेथे काळसर निळा रंग अधिक गडद येतो.

आता प्रयोग. सारख्या जाडीच्या दहा फांद्या घ्या. प्रत्येकीचे १५ सेंटिमीटरचे तीन तुकडे करा. वरचा काप तिरकस, खालचा सरळ व डोळ्याच्या लगेच खाली ठेवा, म्हणजे रोवताना उलटसुलट होणार नाही. पाने काढून टाका. अर्धी रेती, अर्धी माती, सावलीची जागा आणि पाणी तिन्ही गटांना सारखेच हवे. चिठ्ठ्या लावायला विसरू नका.

दोन-तीन आठवड्यांत काही तुकड्यांना पालवी फुटेल. येथेच बहुतेकजण फसतात. ही पालवी तुकड्यात साठलेल्या अन्नावर फुटते. खाली मूळ नसले तरी फुटते, आणि साठा संपला की एका दुपारी माना टाकते. म्हणून पाने मोजून निकाल लावू नका. ४५ दिवसांनी तुकडे माती भिजवून अलगद काढा, धुवा, आणि मुळांची संख्या व लांबी नोंदवा. मेलेले तुकडेही नोंदवहीत हवेत. शिक्षकांनी त्यांचे गुण कापू नयेत. गुलाबाच्या सर्व जातींचा निकाल एकसारखा येईलच असे नाही.

फांदी निवडताना एक दक्षता घ्या. रोपवाटिकेतील बरेच गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात, जसे नागपुरी संत्रे जंबेरीच्या खुंटावर असते. डोळा भरल्याच्या गाठीखालून आलेली फांदी खुंटाची असते. तिला मुळे झकास फुटतील, पण फुले रानगुलाबाची येतील.