घाम अंगावर वाळू देऊ नकोस

पोरी, परवा जेवताना तू ओढणी सारखी केलीस तेव्हा मानेवरचा चट्टा दिसला मला. कोपराच्या लवणीतही असेल. इसबच आहे ते, माझ्याकडे चाळीस वर्षं मुक्कामाला आहे. मुळापासून जात नाही, पण धाकात राहतं. मुंबईत त्याचे दोन उन्हाळे असतात, एक एप्रिल-मेचा आणि दुसरा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचा.

घाम येणारच. दादरचा पूल चढेपर्यंत पाठ भिजते, त्याला इलाज नाही. खरा त्रास तो घाम अंगावर वाळतो त्याचा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि आधीच चिरलेल्या कातडीला झोंबतं. म्हणून पर्समध्ये दोन सुती रुमाल ठेव. एक भिजवून, पिळून छोट्या डबीत. गाडीतून उतरलीस की मान, कोपर, गुडघ्यामागची जागा त्याने टिप, मग कोरड्याने. टिपायचं हं, चोळायचं नाही.

घरी आलीस की चहाच्या आधी अंगावर चार तांबे साधं पाणी. आपल्या चाळीत नळ सकाळीच येतो, तेव्हा संध्याकाळची बादली आधीच भरून ठेव. कढत पाणी नको, घासणी नको. साबण काखेत आणि जांघेत पुरे. अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लाव. उन्हाळ्यात ते पातळ घे. जाड व्हॅसलिनखाली घाम कोंडतो आणि वर घामोळं उठतं. पावडरही नको, घडीत भिजून तिचे गोळे होतात.

कुणी सांगेल कडुलिंबाच्या पाल्याने धू, उष्णता बाहेर पडतेय तर पडू दे. मी ऐकलं होतं. सोललेल्या हातांवर तो काढा ओतला आणि आठ दिवस पोळी लाटता आली नाही मला.

त्याहून मोठी चूक ट्यूबची. एका मे महिन्यात जांघेत गोल चट्टा उठला. इसबच समजून मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, मला वाटलं जिंकले. महिन्याभरात तेच कडं पोटापर्यंत पसरलं. तो नायटा होता. ट्यूबमधल्या स्टेरॉइडने खाज दाबली आणि बुरशीला मोकळं रान दिलं. 2018 साली सरकारने असली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागितली की मिळतात. तू मागू नकोस.

डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र घाबरत घाबरत टिकलीएवढं लावू नकोस. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत पिळलेलं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्याला आणि जांघेत विचारल्याशिवाय नाही. सांगितलेले दिवस झाले की पुन्हा दाखवायचं.

तुझ्या काकांचं वेगळं, त्यांचा सोरायसिस. त्याला थोडं ऊन मानवतं, पण कातडी भाजली तर तिथेच नवा चट्टा उठतो. आणि कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या त्यांना घेऊ देऊ नकोस. त्यात स्टेरॉइड असलं तर बंद केल्यावर सगळं अंग पेटून उठू शकतं. त्यांची ताटवाटी वेगळी काढतात ना, ते थांबव. सोरायसिस लागट नाही.

परळचं केईएम हॉस्पिटल 1926 पासून उभं आहे. त्वचारोगाच्या ओपीडीला सकाळी लवकर जा आणि आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून ने. तिथे नावं आठवत नाहीत. चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, पू आला किंवा ताप भरला, तर मात्र रविवार-सोमवार बघू नकोस, त्याच दिवशी जा.

आईच्या जुन्या सुती नऊवारीचे अभ्रे शिवलेत, दोन पाण्यांतून खळबळून ठेवलेत, उद्या घेऊन जा. नखं आजच काप. रात्री खाजेने जाग आली तर फ्रीजमधला ओला रुमाल जागेवर धर आणि मला फोन कर. मीही दोन वाजता जागीच असते.