बोटुकली आधी टाकीत, मग शेततळ्यात

विकत आणलेली बोटुकली पिशवीतून थेट शेततळ्यात सोडू नये. रोहू-कटल्याला चिकटून आलेली माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, तळ्यात पसरली की लाखो लिटर पाण्यावर उपचार परवडत नाही. शिवाय तेच पाणी ठिबकने मिरचीला जाते. मिरचीला खारे पाणी मानवत नाही, हे दोंडाईचाकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

म्हणून १००० लिटरची टाकी तळ्यापासून दूर, सावलीत ठेवावी. सिमेंटची नवी टाकी असल्यास अनेकदा भरून उपसावी, चुना निघून जातो. टाकीत ३ किलो खडेमीठ विरघळवावे. पिशवी १५ मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग १००-१५० मासे सोडावेत. हवेचा लहान पंप लावावा. रोज एक तृतीयांश पाणी बदलून १ किलो मीठ घालावे. काढलेले खारे पाणी सरीत सोडू नये. खाद्य बेतानेच द्यावे. उरलेले सडून अमोनिया होतो आणि पुष्कळदा मासे त्यानेच दगावतात.

तीन आठवडे रोज पाहावे. अंग घासणारे, तांबडे व्रण असलेले मासे बाजूला काढावेत. ऊ मिठाने जाईलच असे नाही. ती चिमट्याने काढावी. तिची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात, म्हणून काम संपल्यावर टाकी घासून कडक उन्हात वाळवावी. हातजाळे व बादली मात्र वेगळीच ठेवावी. इथेच बहुतेकांची चूक होते.