शाळेतील वजनकाटा आणि मुलांचे जेवण



आरोग्य तपासणीची तारीख ठरली की आपण वजनकाटा पुसून ठेवतो, भिंतीवर उंचीच्या खुणा करतो आणि हजेरीपटाच्या क्रमाने मुलांना रांगेत उभे करतो. एक मूल काट्यावर चढते, एक शिक्षक आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा लिहून घेतो. काम लवकर उरकते. वर्ग शिकवीत असताना ही पद्धत मी स्वतः अनेक वर्षे पाळली. तिच्यामुळे एका मुलीचे जे नुकसान झाले ते सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे.

ती सातवीत होती. वय बारा वर्षे, उंची १५० सेंटिमीटर, वजन ४३ किलो. वर्गातील बहुतेक मुली तीस किलोच्या आसपासच्या. माझ्या तोंडून आकडा बाहेर पडताच मागच्या रांगेत हशा पिकला आणि मधल्या सुटीपर्यंत तिला ‘भोपळा’ हे नाव चिकटले. मीही ते हसण्यावारी नेले. पुढील पंधरवड्यात ती पोषण आहाराच्या पंगतीत दिसेनाशी झाली. विचारले की “सर, घरून जेवून आले” हे उत्तर ठरलेले. घरी मात्र “शाळेत जेवले” असे ती सांगे. एके दिवशी परिपाठाच्या वेळी घेरी येऊन ती पडली, तेव्हा ही दोन्ही उत्तरे समोरासमोर आली. तिची आजी शाळेत आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, “गुरुजी, पोरगी भाकरीला शिवंना झालीया. जाडी हुईन म्हणतीया. आमच्या घरात जाड व्हायाइतकं कवा कुणाला मिळालंय वो?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता थोडे गणित करू. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय हा निर्देशांक मिळतो. त्या मुलीचा निर्देशांक ४३ भागिले २.२५, म्हणजे १९.१. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी २००७ साली जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत बारा वर्षांच्या मुलीचा मध्य सुमारे १८ आहे आणि जास्त वजनाची सीमा २०.८ च्या जवळ. म्हणजे जिला सर्वांनी जाड ठरविले, तिची वाढ वयाला शोभेल अशीच झालेली होती. वर्गातील काही मुलींची वाढीची उसळी अद्याप यावयाची होती, तर काहींचे वजन खरोखरच काळजी करण्याइतके कमी होते. लक्ष द्यावयाचे होते ते यांच्याकडे. आणि मी हसू दिले तिला.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मोठ्या माणसांसाठी १८.५ आणि २५ या सीमा सर्वत्र छापलेल्या आढळतात. त्या मुलांना लावू नयेत. अकरा वर्षांची, १४२ सेंटिमीटर उंचीची व ३५ किलो वजनाची मुलगी मोठ्यांच्या मापाने (१७.४) ‘कृश’ ठरेल, तिच्या वयाच्या तक्त्यात ती जवळजवळ मध्यावर आहे. दहा ते तेरा या वयात मुलींचे वजन वाढते, अंग भरते. उंची वाढण्याची व पाळी सुरू होण्याची ती पूर्वतयारी असते. मुलांमध्ये हाच बदल साधारण दोन वर्षे उशिरा येतो. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा थोराड दिसतात. विज्ञानाच्या तासाला हे एकदा सरळ शब्दांत सांगितले तर निम्मी चेष्टा आपोआप थांबते.

उपाशी मुलाचे लक्ष अभ्यासात लागत नाही, हे शिक्षकाला कोणी शिकवावयास नको. तथापि १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर राहिले. त्यांची शक्ती तर गेलीच, परंतु ते चिडखोर झाले, त्यांना इतर विषय सुचेनात, काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. हे धडधाकट प्रौढ होते. वाढीच्या वयातील बालकाने स्वतः होऊन अन्न तोडले तर काय होईल?

आपल्या राज्याचे चित्रही ध्यानात असावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३५ खुजी होती, तर जास्त वजनाची सुमारे ४. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय होता. अशा प्रदेशातील मुलगी मोबाइलवर कृत्रिम रीतीने बारीक केलेल्या कंबरा पाहते आणि भाकरी बाजूला सारते. घरात अन्न असूनही ती उपाशी राहते.

भाकरीने माणूस जाड होतो, ही समजूत अलीकडे खेड्यांतही ऐकू येते. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्याच जिल्ह्यात हे ऐकावे लागते याचे मला वाईट वाटते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. तिच्यात लायसिन हा घटक कमी पडतो, तो तुरीची आमटी किंवा मटकीची उसळ भरून काढते. शेंगाचटणीने स्निग्धांश मिळतो. वर लिंबू पिळले तर पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. सकाळी केवळ चहा-टोस्टवर शाळेत येणारी मुले मोजून पाहा, संख्या पाहून आश्चर्य वाटेल. उपवासाचेही असेच. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात; आषाढीला मुलाने एक दिवस उपवास केला तर कोणी हरकत घेणार नाही. परंतु मोठ्या वर्गातील एखादी मुलगी एकाएकी सोमवार, गुरुवार, शनिवार धरू लागली तर तिच्या आईशी बोलावे. वजन कमी करण्यासाठी उपवासाचा आडोसा घेतल्यास घरात कोणी विचारीत नाही, हे मुलींना ठाऊक असते.

पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीस ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने ठरविलेली आहेत. अंगाने भरलेल्या मुलास यातून कमी वाढू नये व बारीक मुलास बळेच भरवू नये. “तुला कशाला आणखी?” हे वाक्य स्वयंपाकी ताईंच्या किंवा आपल्या तोंडून सहज निघते. एखाद्या मुलाचे वजन खरोखर जास्त असेल तर खेळ, पुरेशी झोप आणि घरातील सर्वांनीच गोड पेये व पुड्यांतील तळीव पदार्थ कमी करणे हा मार्ग आहे. एकट्या मुलाचे ताट हलके करू नये. असे पदार्थ शाळेच्या आवाराच्या पन्नास मीटर परिसरात विकू नयेत, असा २०२० चा नियमही आहे.

यंदाच्या तपासणीत वजनकाटा वेगळ्या खोलीत किंवा पडद्यामागे ठेवावा. एकेका मुलास आत घ्यावे, मुलींचे वजन शिक्षिकेने करावे, आकडा उच्चारू नये, नोंद फक्त पालकास दाखवावी. अंकगणितात सरासरी शिकवावयाची असेल तर पावसाचे आकडे घ्यावेत, मुलांची वजने घेऊ नयेत. सहावी-सातवीसाठी एक पाठ सुचवितो: प्रत्येकाने काल रात्रीचे ताट चित्रात काढावे, नाव घालू नये, सर्व चित्रे भिंतीवर लावून कोणता रंग कमी दिसतो ते मुलांनीच शोधावे. जेवण वारंवार टाळणे, खाल्ल्यावर मुद्दाम ओकणे, वजन झपाट्याने उतरणे, सुरू झालेली पाळी थांबणे, यांपैकी काही आढळल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली आणि मुलांबरोबर पंगतीत बसून जेवू लागलो. ती पुन्हा नीट जेवू लागण्यास तीन महिने लागले. एकदा आजीने शेंगाचटणीची पुडी तिच्याबरोबर माझ्यासाठी पाठविली, तेव्हा तिने अर्धी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना आपल्या वर्गातील किती मुले सकाळी काय खाऊन आली याची एका दिवसाची टिपणी, नावे न घालता, सोबत आणावी.